तिकिटाची मागची बाजू

ज्या बाईला बक्षीस लागलं, तिला ते घरात सगळ्यांच्या शेवटी कळलं.

शालूबाई तेव्हा मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत बसली होती. संध्याकाळी तुळशीचं लग्न, दुसऱ्या दिवशी बीबी गावचा बाजार, आणि सांबार अजून उपटायचाच होता. कोथिंबिरीला त्या मुलखात सांबार म्हणतात, आणि शालूबाईसारखी सांबाराची गच्च जुडी बांधणारं माणूस त्या बाजारात दुसरं नव्हतं. घर मळ्याच्या टोकालाच, हाकेच्या अंतरावर. तिकडून आधी भाचसुनेची, पूनमची आरोळी आली.

"लागलं! माय वं, लागलं!"

मग भाच्यानं, गोपालनं शिट्टी मारली. चाळिशी गाठलेला बाप्या माणूस, पण आनंद झाला की अजून दोन बोटं तोंडात घालतो. मग वहिनीचा, सरस्वतीबाईचा आवाज, साखर आण म्हणून. शालूबाईला वाटलं, गोपालच्या डिंपलचा नर्सिंगच्या यादीत नंबर लागला. तिचे डोळे भरून आले. त्या पोरीला तिनंच पाठीशी बांधून वाढवलं होतं. तिनं हातातली जुडी बांधून घेतली, शेवटची गाठ दातानं ओढली आणि उठणार, तेवढ्यात घर एकदम गप्प झालं.

अडतीस वर्षं ती भावाच्या त्या घरात राहत होती. नांदुऱ्याच्या सासरहून कपाळ पुसून परत आली तेव्हा चोवीस वर्षांची होती, आता बासष्टची. तेवढ्या काळात त्या घराचं बोलणं तर तिला पाठ होतंच, गप्प बसणंही पाठ होतं. दुपारच्या झोपेचं वेगळं, भांडणाच्या आधीचं वेगळं, भांडण मिटल्यावरचं आणखी वेगळं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. तिनं टोपलं डोक्यावर घेतलं आणि निघाली.

ओसरीवर भाऊ उकंडराव खाटेवर बसले होते, मांडीवर त्यांची ती निळी डायरी उघडी. गोपाल मोबाइल हातात धरून उभा. सरस्वतीबाई खांबाला टेकलेली. आणि पूनम उंबऱ्यात बसली होती, उजव्या मुठीत साखर घेऊन. ती कुणाच्या तोंडात घालायची राहूनच गेली होती आणि मुठीच्या फटीतून दाणे खाली सांडत होते.

"शाले," उकंडराव म्हणाले, "तुयापाशीचं तिकीट कुठी हाय?"

शालूबाईनं टोपलं उतरवलं. "कोणतं तिकीट?"

"भाऊबीजेचं. पूनमनं तुले बदलून देल्लं थे."

आता ही तिकिटाची गोष्ट त्या घरात कुणाला सांगावी लागत नसे. सव्वीस दिवाळ्या झाल्या, उकंडराव धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी एसटीनं लोणारला जायचे, स्टँडजवळच्या भगवंतरावच्या टपरीवर बसून एक चहा प्यायचे आणि दिवाळीच्या बंपर लॉटरीची तिकिटं घ्यायचे. घरातल्या बायकांपुरतीच. ओवाळणीच्या ताटात साडी-चोळी पडायची ती पडायचीच, पण तिच्यासोबत एक सुपारी आणि एक तिकीट. पाडव्याला सरस्वतीबाईच्या ताटात ते स्वतः टाकायचे, पूनमच्या ताटात गोपाल टाकायचा, बापाला ओवाळणाऱ्या डिंपलच्या ताटातही एक. भाऊबीजेला शालूबाईच्या. पुरुषांना तिकीट नाही. पुरुषांनी पाटावर बसायचं, ओवाळून घ्यायचं आणि भाग्य दुसऱ्याच्या ताटात टाकायचं, असा उकंडरावांचा कायदा. एकाच गड्डीतली सलग तिकिटं ते घ्यायचे, म्हणजे शेवटचा आकडा प्रत्येकीचा वेगळा. ते शास्त्र त्यांचं स्वतःचं. आणि कुणाला कोणतं दिलं ते निळ्या डायरीत लिहून ठेवायचे.

सकाळी भगवंतरावचा फोन आला होता. आकडा ५३०७२, मालिकाही तीच, तिसरं बक्षीस, पाच लाख. डायरीत त्या आकड्यासमोर नाव होतं पूनमचं. म्हणून आरोळी, म्हणून शिट्टी, म्हणून साखर. आणि साखरेची मूठ भरल्यावर पूनमला आठवलं की ते तिकीट तिच्याजवळ नव्हतंच.

घडलं होतं ते असं. पूनम मोबाइलवर रोज एका महाराजांचं भविष्य ऐकायची. गोपालच्या राशीला साडेसाती. भाऊबीजेच्या दुपारी तिनं आपल्या तिकिटाच्या आकड्यांची बेरीज केली. पाच, तीन, शून्य, सात, दोन. सतरा. एक आणि सात, आठ. आठ म्हणजे शनी! तिच्या हातातून तिकीट गळूनच पडलं. डिंपलकडे गेली, तर डिंपलनं हसून हाकलून दिलं. सरस्वतीबाई म्हणाली, शनी माझ्या पदरात नको घालू बाई. मग ती शालूबाईकडे आली. शालूबाईचं ५३०७३, बेरीज नऊ. शालूबाईनं बेरीज न करताच देऊन टाकलं. कुणी काही मागितलं आणि तिनं नाही म्हटलं, असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

पण मधल्या भिंतीआड पूनम सासूला जे म्हणाली होती, तेही शालूबाईनं ऐकलं होतं.

"आत्याबाईले देऊन टाकतो, आई. त्याईले काय होते आता? त्याईचं जे व्हायचं थे होऊन गेलं."

त्या दिवशी तिला राग आला नव्हता. खरंच आहे, असं वाटलं होतं. शनीनं आता आपल्या घरी येऊन न्यावं तरी काय? आपलं घर तरी कुठे आहे? ती भुईमुगाच्या शेंगा फोडत राहिली होती.

"सांग ना वं आत्या," गोपाल म्हणाला, "कुठी ठेवलं?"

"पाणी तर पिऊ द्या," शालूबाई म्हणाली, आणि आत गेली.

माठ होता त्याच बोळीत तिची जागा होती. एका बाजूला सोयाबीनची पोती, एका बाजूला भिंत, मध्ये तिची सतरंजी आणि पत्र्याची पेटी. ज्याला परसाकडे जायचं तो तिच्या अंथरुणावरून जाणार. पेटीची कडी निघालेली होती. तिनं झाकण उचललं. लुगड्यांच्या घड्या विस्कटलेल्या, नवऱ्याचा, पुंजाजीचा फोटो उलटा पडलेला. तो फोटो अडतीस वर्षांत तिच्याशिवाय कुणी हातात घेतला नव्हता, कारण कुणाला त्यात काही घेण्यासारखं वाटलं नव्हतं. तिनं तो सुलटा केला. पाणी प्यायचं ती विसरली.

"पेटी कोणं उघडली?" बाहेर येऊन तिनं विचारलं.

उकंडरावांनी मान वर केली. त्यांना हे माहीत नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. गोपालनं मोबाइलमध्ये डोकं घातलं.

"मी उघडली," पूनम म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता, पण खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. "घाई झाली हो, आत्याबाई. म्हटलं, कुठी भिजलं-बिजलं तर. भगवंतराव म्हणे, तिकीट जपा."

"भेटलं?"

"नाई."

शालूबाईनं कमरेचा बटवा सोडला. त्यातून मेथीच्या बियाण्याचं चकचकीत पाकीट निघालं, कापून स्वच्छ धुतलेलं, आणि त्यात घडी न घातलेलं तिकीट. दरसाल ती ते असंच ठेवायची. दरसाल ते काहीच न लागता चुलीत जायचं. तिनं ते कुणाच्या हातात दिलं नाही. मांडीवर ठेवून त्यावर तळहात ठेवला आणि ओसरीच्या कडेला बसली.

तेवढ्यात भगवंतरावचा फोन पुन्हा आला. गोपालनं स्पीकर लावला. त्याच्या टपरीवरून गेलेलं एवढं मोठं बक्षीस पहिलंच, त्यामुळे माणूस स्वतःला लागल्यासारखा बोलत होता. "उकंडराव, पहिले ऐका. तिकिटाच्या मागं नाव, पत्ता, सही. आत्ताच करून घ्या. एवढी रक्कम मले देता येत नाई, मुंबईच्या ऑफिसात कागद जातीन. आधार, पॅन, पासबुक. कर कापून हाती साडेतीन लाखाच्या आसपास येते. पण पहिले मागं नाव लिहा. कोऱ्या तिकिटाचा कोणी मालक नसते भाऊ, ज्याच्या हाती त्याचं!"

फोन बंद झाला, आणि सगळ्यांची नजर शालूबाईच्या तळहाताकडे गेली.

पहिली बोलली ती पूनम. साखरेची मूठ तिनं पदराला पुसली होती. "मी काय म्हणतो, मामाजी, थे तिकीट माया पाडव्याच्या ओवाळणीचं. ह्यायनं माया ताटात टाकलं. ओवाळणी काय कोणाले देता येते? मी चुकली, बदललं. चूक झाली थे झाली. पण ओवाळणी तर मायीच ना?"

"मंग शालूबाईची ओवाळणी तू काऊन घेतली?" सरस्वतीबाईनं विचारलं. वहिनी आपल्या बाजूनं बोलतेय असं शालूबाईच्या मनात यायच्या आत ती पुढे म्हणाली, "ना तुयी, ना तिची. पैसे घरातून गेले. मळ्याच्या पैशातून. तिकीट घराचं."

"बरोबर!" गोपालनं लगेच उचललं. "घराचं. म्हणून म्हणतो, मालाची गाडी घेऊ. दरखेपेले दुसऱ्याच्या गाडीत आपला माल. आपली गाडी असली तर पहाटं मेहकर, जालना, जिथं भाव तिथं आपण. अन् आत्या, गाडीच्या काचेवर तुयं नाव टाकतो. 'शालूआत्याचा आशीर्वाद'. मोठ्या अक्षरात."

काचेवर नाव टाकायला तो तयार होता. तिकिटावर टाकायचं मात्र त्याच्या डोक्यात आलं नाही. शालूबाईला हसू आलं आणि त्याच वेळी वाईटही वाटलं. हा पोरगा वाईट नव्हता. ती तापानं फणफणली तेव्हा यानंच तिला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता.

"गाडी?" पूनम नवऱ्यावर उसळली. "पोरीच्या नर्सिंगचं काय? गाडीले चाकं लावता, पोरीले घरी बसवता?"

"तू तर म्हणे तुयं तिकीट!"

"मायं म्हणजे पोरीचंच ना?"

सरस्वतीबाईनं एकदम बाजू बदलली. नातीचं नाव आलं की तिचं तसंच व्हायचं. "पोरीचं असन तर बोलू नका कोणी. डिंपलच्या नावानं टाका. शालूबाईचाही जीव तिच्यातच हाय. काय हो शालूबाई? मी काई बोलत नाई. अडतीस वर्षात मी कधी तुमच्या भाकरीचा हिशोब केला काय?"

नव्हता केला. खरंच नव्हता केला. आज पहिल्यांदा तिनं अडतीस हा आकडा तोंडातून काढला, आणि तो ओसरीवर पडून राहिला.

ज्या पोरीच्या नावानं हे चाललं होतं, ती आतून पाट्यावर वाटण वाटता वाटता उठून आली. डिंपल एकोणीस वर्षांची, सायन्सची. हात तिखटाचे, म्हणून कोपरानं केस मागे सारले. "मले मधात घेऊ नका," ती म्हणाली. "मी सांगतलं काय कोणाले का मायासाठी आत्याआजीचं काढून घ्या?"

"तुले काय कळते त्यातलं?" पूनम म्हणाली. "आठाचा आकडा होता, म्हणून मी देल्ला. अन् आठच लागला. काऊन लागला, सांग बरं?"

"लागायचा होता म्हणून. मम्मी, तिथं चक्रं असतात. एकेका अंकाचं वेगळं चक्र, सगळ्यायसमोर फिरवतात, थांबलं का तो अंक. थ्या चक्राले शनी ठाऊक नाई. मागच्या वर्षी काय आलं, थेही आठवत नाई त्याले. लाखो तिकिटं खपतात. जमलं त्यातलं काई बक्षिसाले, काई विकणाऱ्याले, उरलं सरकारले. म्हणजे खेळणारे सगळे मिळून दरसाल हरतातच. हे मी आबाले किती वेळा सांगतलं."

"सांगतलं," उकंडराव म्हणाले. इतका वेळ ते डायरीतल्या त्या एका ओळीकडेच पाहत होते. "अन् मी काय येडा हाय, असं वाटते काय तुले? सव्वीस वर्षात एकदा शंभर रुपये लागले, थे पुढच्या तिकिटात गेले. मले ठाऊक हाय लागत नाई."

"मंग घेता कायले?"

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. "पोरी, खताची थैली आणली, तर आणल्या दिवशी तिचं कवतिक संपते. तिकीट दहा-बारा दिवस पुरते. पाडव्यापासून निकालापर्यंत या घरात कोणी कोणाले टोचून बोलत नाई, पाह्यलं कधी? तुयी आजी म्हणते, लागलं तर सोन्याची पोत करीन. मी म्हणतो, कर. एरवी म्हटलं असतं काय मी 'कर'? खिशात नसतानी माणसाले घरच्या बाईले वर्षातून एकदा 'कर' म्हणता यावं. तेवढ्यासाठी घेतो."

सरस्वतीबाईनं पदर तोंडाला लावला. "अन् आज लागलं, तर पाहा तोंडं कशी झाली सगळ्यायची."

शालूबाई ऐकत होती. भावाचं बोलणं तिला लागलं, कारण ते दहा-बारा दिवस तिचेही असायचे. तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. बाकीच्या पोत, गाडी, स्कूटी असं मोठ्यानं बोलायच्या. आत्याबाई, तुम्ही काय घ्याल, असं कुणी विचारलंच तर ती म्हणायची, मले काय करायचं बाप्पा. पण भाऊबीजेच्या रात्रीपासून ती मनात एक खोली बांधायला घ्यायची. परसात, कडुनिंबाच्या अंगाला. दहा बाय दहाची, वर टिनपत्रे. एक खिडकी. आणि दाराला आतून कडी. बाहेरून कुलूप लावायची तिला हौस नव्हती. आतून कडी पाहिजे होती. आपण कडी लावावी आणि कुणीतरी बाहेरून वाजवावी, आत्या, येऊ काय? दरसाल निकालाच्या दिवशी तिकीट चुलीत गेलं की खोलीही जायची, आणि तिला वाईटसुद्धा वाटायचं नाही. पुढल्या भाऊबीजेला ती पुन्हा पायापासून खोदायची.

आणि ह्यांना वाटलं, आपलं जे व्हायचं ते होऊन गेलं.

"ऐका आता," उकंडरावांनी डायरी मिटली. त्यांचा आवाज चढला की घर थांबायचं. "पूनम, तू तिकीट बदललं तवा मायी ओवाळणी परत द्या असं म्हटलं नव्हतं. पिडा म्हणून देल्लं. पिडा तिची, तर बक्षीसही तिचं. मालाची गाडी नाई अन् काई नाई. तिकीट शालीचं."

शालूबाईनं भावाकडे पाहिलं. आयुष्यभर हा माणूस तिच्या पाठीशी उभा राहिला होता. नांदुऱ्याच्या दिरांनी तिला नेसत्या लुगड्यानिशी काढलं, तेव्हा हाच बैलगाडी जुंपून आला होता.

"फक्त," उकंडराव पुढे म्हणाले आणि त्यांनी खिशाचं पेन काढलं, "मागं नाव मायं लिहू. कागदपत्राची कटकट राह्यत नाई. तिचं पॅनकार्ड कुठी हाय? मुंबईचं ऑफिस. तिले कुठी जमते. आण शाले, इकडं आण."

त्यांनी हात पुढे केला. त्यात कपट नव्हतं, शालूबाईला ते पक्कं ठाऊक होतं. कपट असतं तर बरं झालं असतं, मग तिला रागावता आलं असतं. ताटात टाकताना जितक्या मायेनं टाकलं तितक्याच मायेनं ते परत मागत होते. गोपालचा श्वास सुटलेला तिला ऐकू आला. बापाच्या नावावर म्हणजे आज ना उद्या गाडी. पूनमही सैल झाली. सरस्वतीबाईनं मान हलवली. घटकेपूर्वी चौघांची चार तोंडं होती, ती एका क्षणात एका दिशेला वळली. फक्त डिंपल तिखटाचे हात पुढे धरून तशीच उभी होती, आणि शालूबाईकडे पाहत होती.

शालूबाईनं तिकीट दिलं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "पेन दे."

उकंडरावांना आधी कळलंच नाही. "आँ?"

"पेन दे. सही येते मले. बचत गटात करतो मी महिन्याच्या महिन्याले."

"अवं पण पॅन..."

"आठ दिवसात निघते, आबा," डिंपल म्हणाली. "आधार हाय, पासबुक हाय. मी भरतो फॉर्म."

"बदलून देल्लं तवा," शालूबाई म्हणाली, "पूनम भिंतीमागं आईले म्हणे, आत्याबाईचं जे व्हायचं थे होऊन गेलं. मी ऐकलं. मले खरं वाटलं थे. पण नसते होत, पूनम. बासष्ट वर्षाच्या बाईचंही काई राह्यते व्हायचं."

पूनमनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिनं पुसलं नाही.

"परसात एक खोली बांधीन. आतून कडी असलेली. उरलं थे डिंपलच्या शिक्षणाले. पण मी देईन. कोणी मागायचं नाई, अन् कोणी माया पेटीतून घ्यायचं नाई."

उकंडरावांनी पेनाचं टोपण स्वतः काढलं, आणि पेन तिच्या हातात दिलं. डायरीही दिली, खाली धरायला.

शालूबाईनं तिकीट उलटं केलं. समोर दिवे, लक्ष्मी, रंग. मागं सगळं कोरं, तीन ओळींपुरती जागा. ती हळू लिहायची. शा काढताना जीभ दातांत यायची. शालूबाई. मग पुंजाजी. मग नांदुऱ्याचं आडनाव, जे ज्यांचं होतं त्यांनी तिला वापरू दिलं नव्हतं, पण आधारकार्डावर होतं. तिन्ही नावं पहिल्या ओळीत मावली.

"आता पत्ता," डिंपल तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाली. "काय लिहायचं?"

"लिही," उकंडराव म्हणाले, "मार्फत उकंडराव..."

"मार्फत नको, भाऊ," शालूबाई म्हणाली. ती रागानं म्हणाली नाही. "पत्र माया नावानं आलं पाह्यजे. घराचा नंबर असन ना?"

कुणाला सांगता येईना. गोपालनं दोनशे म्हटलं आणि थांबला. उकंडराव म्हणाले, घरपट्टीच्या पावतीवर असते, पावती कपाटात. सरस्वतीबाईला तर घराला नंबर असतो हेच नवल. मग शालूबाईच उठली. दाराच्या चौकटीवर ग्रामपंचायतीनं ठोकलेली पत्र्याची पाटी होती. दिवाळीच्या रंगात तीही रंगून गेली होती. अडतीस वर्षं ती त्या पाटीखालून डोक्यावर टोपली घेऊन वाकून गेली होती. तिनं चष्मा लावला, नखानं रंग खरवडला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला.

"दोन. एक. पाच."

डिंपलनं ते एका कागदावर लिहून घेतलं. बाकी कुणाच्या काही ध्यानात आलं नाही, पण शालूबाईनं पूनमचे ओठ हलताना पाहिले. दोन अन् एक तीन, तीन अन् पाच. पूनमचा अंगठा बोटांच्या आठव्या पेरावर येऊन थांबला. तिनं चौकटीकडे पाहिलं, मग छताकडे, मग अंगणातल्या तुळशीकडे, जिच्याभोवती गोपालनं सकाळीच उसाचा मांडव घातला होता. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती त्या आकड्यात राहत होती, स्वयंपाक करत होती, तिची पोर त्यातच जन्मली होती. तिनं शालूबाईकडे पाहिलं.

शालूबाई परत बसली आणि घर क्रमांक लिहू लागली. शेवटी तिनं सही केली, बचत गटाच्या वहीत करायची तशीच, खाली एक रेघ ओढून.

पूनम आत गेली. तिनं हात धुतल्याचा आवाज आला, मग डब्याचं झाकण. ती साखरेची चिमूट घेऊन बाहेर आली आणि शालूबाईसमोर ओणवी झाली.

"आत्याबाई, तोंड उघडा. सकायपासून तुमच्या तोंडात कोणं साखर नाई घातली."

शालूबाईनं तिकीट दोन बोटांनी कडेला धरून उन्हाकडे केलं आणि त्यावर हलकी फुंकर मारली.

"थांब पोरी," ती म्हणाली. "शाई वाळू दे पहिले."

आणि सगळे थांबले.